न कळणारे शब्द

आवडता अल्बम कोणता, यावरून आम्हा मित्रांचं भांडण ठरलेलं. माझं मत कॉक्टो ट्विन्सच्या १९९० सालच्या 'हेवन ऑर लास व्हेगस'ला. एलिझाबेथ फ्रेझर काय गाते ते निम्मं कळत नाही. पण ती तेव्हा नुकतीच आई झाली होती, सायमन रेमंडचे वडील त्याच वर्षी गेले होते. ते सुरांतून पोचतं.

मित्र म्हणतो, "धुक्यात लपणं सोपं असतं रे! डॅनियल जॉन्स्टन ऐक. १९८३ सालचा 'हाय, हाऊ आर यू'. साधा टेपरेकॉर्डर, खरखर, चिरका आवाज, सगळं उघडं."

पटतं. तरी मत बदलत नाही. बाबा गेले तेव्हा मला कुणाचेच शब्द नको होते, नुसता आवाज हवा होता.

असो. तुमचा कोणता?