आमची फटफटी

यंदा पावसाळ्याच्या आधी टिनाखालची अडगळ काढायला घेतली, तेव्हा बाबांची राजदूत पाच वर्षांनी उजेडात आली. दोन्ही टायर बसलेले, सीटचा फोम उंदरांनी कुरतडलेला आणि टाकीवर बोटभर धूळ. भंगारवाला दारात उभाच होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, बोटाने मडगार्ड वाजवून पाहिले आणि म्हणाला, "लोखंड जाड हाये भाऊ. बत्तीसशे देतो."

बाबा ओसरीत बाजेवर बसले होते. त्यांची पंच्याहत्तरी उलटली आहे, गुडघे धरले आहेत. ते म्हणाले, "देऊन टाक. पोरीच्या फीले कामी येतीन."

मुलीचे कॉलेजचे पहिले वर्ष सुरू व्हायचे होते आणि फीला जवळपास तेवढेच पैसे कमी पडत होते. मी पैसे घ्यायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. तो का मागे घेतला, तेच आज वाचक बंधू-भगिनींना सांगायचे आहे.

आधी या गाडीची ओळख करून देतो, कारण आजच्या मुलांना ती ठाऊक नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एस्कॉर्ट्स या कंपनीने राजदूत १७५ बाजारात आणली. तिची मूळ घडण पोलंड देशातली. तिकडे एस.एच.एल. या नावाने निघणाऱ्या मोटारसायकलवरून ती बेतली होती. इंजिन १७३ सी.सी.चे, सिलिंडर एकच, गिअर तीन. इंजिन टू-स्ट्रोक. म्हणजे पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली गेला की एक स्फोट. वायू आत घेण्याची आणि धूर बाहेर सोडण्याची दारे पिस्टनच उघडतो आणि झाकतो, त्यासाठी वेगळे व्हॉल्व्ह लागत नाहीत. भाग कमी, म्हणून खोलायला सोपी. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे. आपण मराठी माणसे मोटारसायकलला फटफटी म्हणत आलो, ते नाव अशाच गाड्यांच्या आवाजाला शोभते.

ही गाडी काही अगदीच अनाम नव्हती. धर्मेंद्र तिच्या जाहिरातीत झळकत असे. १९७३ साली 'बॉबी' सिनेमात ऋषी कपूर आणि डिंपल ज्या छोट्या मोटारसायकलवर फिरले, तीही राजदूतचीच जी.टी.एस. होती. पण पडद्यावरची राजदूत वेगळी आणि आमच्या वऱ्हाडातली वेगळी. इकडे ती दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन लटकवून पहाटे निघे. कापसाच्या दिवसांत तिच्यावर गाठोडी येत. तिला लोक 'दूधवाल्याची गाडी' म्हणत, आणि म्हणताना थोडे हसत.

माझे बाबा दूधवाले नव्हते, गवंडी होते. १९८८ साली त्यांनी एका गुरुजींकडून ही १९८१ ची गाडी पाच हजारांना घेतली. तेव्हा आमचा वाशिम जिल्हा व्हायचा होता, तो १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा निघाला. बाबांचे काम कधी वाशिमला, कधी मंगरुळपीरला, कधी रिसोडकडे. एस.टी. वेळेवर मिळाली नाही की त्या दिवसाची मजुरी बुडे. गाडी आली आणि ती बुडणे थांबले. हँडलला पिशवी, पिशवीत थापी, ओळंबा आणि गुण्या. मागे कामाचा जोडीदार, त्याच्या मांडीवर घमेली. काळ्या मातीचा चिखल मडगार्डात भरून चाक अडकले की बाबा उतरत, काडीने चिखल काढत आणि पुन्हा किक मारत.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. माझ्या आज्यांना गावच्या पारासमोरून जाताना पायातली वहाण हातात घ्यावी लागे. त्यांचाच मुलगा त्याच रस्त्याने राजदूतवर बसून जाऊ लागला. बाबांनी कधी मुद्दाम हॉर्न वाजवला नाही. वाजवायची गरजही नव्हती, गाडीचा आवाज आधीच साऱ्या गावाला ऐकू जाई. सुरुवातीला काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण रात्री-बेरात्री कोणाच्या घरी विंचू चावला, कोणाची सून अडली, तर त्याच घरचा माणूस आमच्या वस्तीत येऊन हाक मारी, "मिस्त्री, गाडी काढता का जी?" बाबांनी कधी नाही म्हटल्याचे मला आठवत नाही. पेट्रोलचे पैसे कोणी देई, कोणी विसरून जाई.

आता गाडीचे दोषही सांगतो, कारण प्रेमापोटी खोटे बोलणे बरे नाही. तिचा ब्रेक लागला तर लागला. दिवा इंजिनच्या गतीप्रमाणे कमी-जास्त होई. प्लगवर काजळी बसे, मग बाबा तो काढून पॉलिश पेपरने घासत. पेट्रोल जास्त खाई आणि मागे निळा धूर सोडी. १९८५ साली हिरो होंडाची सी.डी. १०० आली. ती फोर-स्ट्रोक होती, ऑइल मिसळण्याची कटकट नाही आणि थोड्या पेट्रोलमध्ये लांब जाणारी. त्याच वर्षी यामाहाची आर.एक्स. १०० आली. ती टू-स्ट्रोकच, पण हलकी आणि वेगवान. पुढे १९९१, १९९६ आणि २००० साली धुराचे नियम एकामागून एक कडक झाले. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचे दिवस त्यातच भरले. ते नियम चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. तो धूर शेवटी आपल्याच लेकरांच्या छातीत जातो.

पण जुन्या गाड्यांतही उच्च-नीच असते, हे मला अलीकडे कळले. बुलेटचा मान कधीच कमी झाला नाही. म्हैसूरचा जावा-येझदीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी तिचे चाहते दर जुलै महिन्यात एक दिवस ठरवून शहराशहरांत गाड्या घेऊन जमतात. त्या चाहत्यांच्या जिवावरच २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी हे नाव नव्या गाड्यांवर परत आले. राजदूतच्याही साडेतीनशे सी.सी.च्या गाडीला शौकीन लोक मोठी किंमत मोजतात. साध्या १७५ ची मात्र कोणाला आठवण होत नाही. जिने जास्त ओझे वाहिले, तिलाच किलोचा भाव.

आणि तिला कमी लेखणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल करायला आज लाज वाटते. १९९७ साली मी वाशिमला बी.कॉम.ला होतो. वर्गातल्या काही मुलांकडे नव्या कोऱ्या गाड्या होत्या. बाबा कामावर जाताना मला कॉलेजला सोडत. त्यांच्या कपड्यांवर सिमेंटचे डाग, हँडलला थापीची पिशवी आणि मागे धुराचा लोट. एका मुलाने विचारले, "तुह्याकडे दूध किती रुपये लिटर?" सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून मी बाबांना सांगू लागलो की मला चौकातच सोडा, मित्र भेटणार आहे. तीन वर्षे तो मित्र रोज चौकात भेटत होता.

भंगारवाला समोर उभा असताना मला तो चौक आठवला, म्हणून हात मागे आला. भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवले. संध्याकाळी बाबांजवळ बसलो आणि सांगून टाकले, "बाबा, कॉलेजात असताना चौकात मित्र वगैरे कोणी नव्हता."

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मले माहीत होतं रे. तू सांगायच्या आधीच मी दोन दिवस चौकात गाडी हळू केली होती. म्हटलं, पोरगं सोताहून सांगते का, पाहू." आणि हसले. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

बी.कॉम.ला आम्हाला घसारा शिकवला. वस्तू वापरली की तिची किंमत घटते, ती दरवर्षी हिशेबात लिहायची. त्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत दरवर्षी सारखीच रक्कम वजा करतात, मग ठरलेल्या वर्षांनी वस्तूची किंमत शून्य होते. दुसरीत दरवर्षी उरलेल्या किमतीवर टक्केवारी काढतात. या पद्धतीत आकडा लहान लहान होत जातो, पण पूर्ण शून्य कधीच होत नाही. ऑफिसात मी वर्षानुवर्षे खुर्च्या-कपाटांचा घसारा लिहीत आलो. घरच्या गाडीला कोणती पद्धत लावायची, हे कळायला मात्र पंचेचाळिशी उजाडली.

पण भावनेने घर चालत नाही. माझ्या पत्नीने स्पष्ट विचारले, "फी भरायची की फटफटी?" तिचे काहीच चुकले नव्हते. फीचा प्रश्न आधी सोडवला. पतसंस्थेतून लहान कर्ज काढले आणि फी वेळेत भरली. मग पत्नीने अट घातली की गाडीसाठी घरखर्चातला एक रुपयाही जायचा नाही. मी बाहेरचा चहा आणि पान बंद केले. ते पैसे एका डब्यात टाकतो आणि वहीत लिहितो.

गाडी ढकलत अकोला नाक्याकडच्या एका जुन्या मिस्त्रीकडे नेली. त्यांनी इंजिनवर हात ठेवून विचारले, "मिस्त्रीसाहेबांची ना?" बाबांना ते गाडीवरून ओळखत होते. त्यांनी सांगितले की सिलिंडर बोअर करावा लागेल, रिंग-पिस्टन नवे टाकावे लागेल. काही सामान दिल्लीच्या करोल बागेतून मागवावे लागते. एकूण खर्च साडेआठ हजार. "एकदम देऊ नका," ते म्हणाले, "जसं जमलं तसं द्या."

तिथेच एक म्हातारे दूधवाले भेटले. त्यांच्याकडे अजून दोन राजदूत आहेत, एक चालवायला आणि एक सुट्या भागांसाठी. मुलांनी त्यांना नवी गाडी घेऊन दिली, पण ती ते फक्त लग्नाला नेतात. मी विचारले, "काका, तुम्हाला हीच का आवडते?" ते म्हणाले, "आवडाचं काय त्यात? तिनं दोन पोरी उजवल्या माह्या." तिच्या ताकदीबद्दल, वेगाबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही.

कागदपत्रांचाही प्रश्न आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. दुचाकीचे हे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ३०० वरून १,००० रुपये झाले आणि वीस वर्षांवरील गाड्यांसाठी त्यानंतर आणखी वाढले. वर पर्यावरण कर वेगळा. २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी निघाली, पण तिचे पहिले शुल्कच २०,००० रुपये आणि गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. ती सोय आपल्यासारख्यांची नव्हे. आमची गाडी नुसती जुनी आहे, तशीच ती जुनी म्हणून राहील. बाबांनी आतापर्यंतची प्रत्येक मुदत पाळली आहे. सगळ्या पावत्या त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एका दोऱ्यात ओवलेल्या सापडल्या. यंदाची मुदत पाळण्याची पाळी माझी.

मागच्या रविवारी मिस्त्रीने निरोप पाठवला. चौथ्या किकला इंजिन सुरू झाले. दुरुस्तीचे एकवीसशे रुपये अजून देणे आहेत, ब्रेक पूर्वीसारखाच आहे. गाडी घरी आणली तेव्हा बाबा काठी टेकत अंगणात आले, कान लावून ऐकले आणि म्हणाले, "पॉइंटचा गॅप जरासा जास्त हाये." मग म्हणाले, "घे मले मागे."

आम्ही बापलेक वाशिमला गेलो. सारा रस्ता बाबांचा एक हात माझ्या खांद्यावर होता. कॉलेजचा चौक आला तशी सवयीने गाडी हळू झाली. मी तिथे थांबलो नाही. सरळ फाटकापर्यंत नेली आणि तिथे बंद केली. रविवार असल्यामुळे फाटकाला कुलूप होते, पाहायला कोणी नव्हते. बाबांनी विचारले, "इथं काय काम हाये?"

मी म्हणालो, "काही नाही बाबा. इथपर्यंतच यायचं होतं."