शेवाळ, वीज आणि पाण्याचा जमाखर्च

नांदेडच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे अध्यापन करीत असता, उन्हाळ्यात गोदावरीच्या पात्रात सांडपाणी मिसळून जो हिरवा थर साचतो, तो बरणीत भरून आणण्याचा माझा शिरस्ता पडला होता. आणि नत्राचा पुरवठा तोडल्यावर त्यातील सूक्ष्म शैवालाच्या पेशींत साठणारे तेलाचे बिंदू, नाइल रेडने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली सोनेरी झळकताना पाहिल्यापासून, ते तेल बाहेर काढावे कसे, या विवंचनेने मला घेरले. वाळवून काढावे, तर एक किलो पाण्याची वाफ करण्यासच सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता खर्ची पडते, आणि यंत्राने घट्ट केलेल्या लगद्यातही बहुतांश ऐवज पाण्याचाच. सारांश, इंधनासाठी इंधन जाळण्याचा तो आतबट्ट्याचा व्यवहार.

लातूरच्या तेलगिरण्यांच्या मोटारी दुरुस्त करण्यात ज्यांची हयात गेली, त्या आप्पांनी ओल्या शैवालासच विजेचे आघात देण्याचे उपकरण जुळविले. दोन पोलादी पट्ट्यांमधील अरुंद फटीत सेंटिमीटरला वीस हजार व्होल्टचे क्षेत्र काही मायक्रोसेकंदच टिकते. तेवढ्या अवधीत पेशीपटलाच्या दोन अंगांमधील विभवांतर एक व्होल्टच्या पलीकडे जाऊन पटलास सूक्ष्म छिद्रे पडतात. आघातागणिक द्रवाची विद्युत्वाहकता चढू लागली, पेशींतील क्षार व प्रथिने पाण्यात उतरली; तेल मात्र जागचे हलेना.

“सर, दार तर उघडलं की! पाहुणाच उठंना बघा,” आप्पा म्हणाले.

उठणार कसा? तेलाचे गोळे पाण्यात विरघळत नाहीत, आणि पेशीची चिवट भित्तिका विजेने भंगत नाही. इथेनॉल व हेक्सेन घातल्यावर मात्र, आघात न दिलेल्या नमुन्याहून कितीतरी अधिक तेल उतरले. द्रावकाला आत वाट मिळाली आणि वाळवणाचा खर्च वाचला, एवढे विजेचे श्रेय. ते अल्प नव्हे.

खरी अडचण पाण्याची. ज्या लातुरात १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून रेल्वेने पाच लाख लिटर पाणी आणावे लागले, तेथे गोड्या पाण्यावर तेलाचे पीक घेण्याची भाषा मला अशिष्ट वाटते. सांडपाणीच वापरावे, असा माझा आग्रह. परंतु त्यातील क्षारांनी वाहकता वाढते, आणि ती दुप्पट झाली की त्याच आघातास ऊर्जाही दुप्पट लागते. म्हणून शैवाल आधी धुवावे लागते, आणि धुण्यास पुन्हा स्वच्छ पाणीच हवे! तूर्त आम्ही धुवणाचे पाणी गाळून फिरवितो, आणि त्याच्या प्रत्येक लिटराची नोंद आप्पा आपल्या दफ्तरात, तेलाच्या रकान्याच्याही आधी, करतात.