नाकुरूचं कुंपण

केनियातल्या नाकुरू सरोवराचं नाव निघालं की गुलाबी काठ डोळ्यांसमोर येतो. फ्लेमिंगोंचे, म्हणजे आपल्या रोहित पक्ष्यांचे थवे! मीही त्यांच्याच ओढीने गेलो होतो. पण 'बबून क्लिफ' या कड्यावरून पाहिलं तेव्हा नजरेत भरलं ते पाणी. काठावरची पिवळ्या सालीची बाभळीसारखी झाडं पाण्यात वाळून उभी होती. फ्लेमिंगो थोडेच, एका कोपऱ्यात.

हे सरोवर खारं. रिफ्ट खोऱ्याच्या तळाशी असल्याने पाणी आत येतं, पण बाहेर वाहून जायला वाट नाही. अशा क्षारयुक्त पाण्यात स्पिरुलिना नावाचं सूक्ष्म शेवाळ वाढतं. छोटा फ्लेमिंगो चोच उलटी धरून ते गाळून खातो. त्याचा गुलाबी रंगही त्यातूनच येतो. २०१० नंतर पाऊस वाढला आणि सरोवर फुगलं. उद्यानाचं जुनं मुख्य प्रवेशद्वारही पाण्याखाली गेलं. क्षार विरळ झाले, शेवाळ घटलं आणि बहुतेक फ्लेमिंगो बोगोरियासारख्या दुसऱ्या सरोवरांकडे गेले. युनेस्कोने २०११ मध्ये नाकुरू, बोगोरिया आणि एलमेंटाइटा यांना मिळून जागतिक वारसा ठरवलं, ते मला पटलं. पाखरांना एक सरोवर पुरत नाही.

"हबारी?" म्हणत आमच्या चालकाने गाडी गवताळ भागाकडे वळवली. स्वाहिलीतला हा शब्द म्हणजे आपलीच 'खबर'. 'सफारी'ही आपल्या 'सफर'चीच बहीण. दोन्ही शब्दांचं माहेर अरबी. पुढे पांढरे गेंडे चरत होते. नाव पांढरा, रंग राखाडी! पलीकडे रॉथशिल्ड जिराफ. १९७० च्या दशकात त्यांना दुसरीकडून आणून इथे सोडलं. गेंड्यांना शिकाऱ्यांपासून वाचवायला १९८० च्या दशकात साऱ्या उद्यानाला विजेचं कुंपण घातलं गेलं. ते नसतं, तर कदाचित हे गेंडे मला दिसलेच नसते.

पण आता पाणी कुंपणाच्या आत वाढतंय आणि बाहेर नाकुरू शहर खेटून उभं आहे. उद्यान अवघं १८८ चौरस किलोमीटरचं. सरोवराने जेवढं गवत गिळलं, तेवढी या प्राण्यांची जागा कमी झाली.

"फ्लेमिंगो परत येतील का?" मी विचारलं.

"ते येत-जात असतात," चालक म्हणाला आणि गेंड्यांकडे बोट दाखवलं, "यांना मात्र इथेच भागवायचंय."

शिकाऱ्याला अडवणारं कुंपण गेंड्यालाही अडवतं. एखाद्या जिवाला वाचवायचं तर नुसता पहारा पुरत नाही, त्याला सरकायला जागाही लागते. ती जागा आता माणसालाच शोधावी लागेल.