पाळक बदलून गेल्यावर

मंडळीची, म्हणजे एका चर्चमध्ये नेमाने एकत्र येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांच्या समूहाची, प्रकृती बहुधा रविवारच्या उपस्थितीवरून जोखली जाते. परंतु नाताळच्या उपासनेला बाके अपुरी पडली एवढ्यावरून ती मंडळी धडधाकट ठरत नाही. तिची खरी परीक्षा पाळकाची बदली झाल्यावर होते. जुना पाळक गेल्यापासून नव्याला घरे आणि माणसे ओळखीची होईपर्यंत आजाऱ्यांच्या भेटी, मुलांची शब्बाथशाळा आणि घरोघरच्या प्रार्थनासभा चालू राहिल्या की थंडावल्या, यावरून गेलेल्या पाळकाने मंडळी उभी केली होती की केवळ स्वतःभोवती माणसे जमवली होती, हे उघड होते.

नागपूरला या प्रश्नाचा अनुभव जुना आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये येथे आले आणि 1863 मध्ये एका ओढ्यात बुडून त्यांचा अकाली अंत झाला. भूगर्भाचा आणि गोंड समाजाचा अभ्यास करणाऱ्या, परिसर पायाखाली घातलेल्या या माणसाचे शैक्षणिक कार्य मात्र त्यांच्याबरोबर संपले नाही आणि 1883 मध्ये त्यांच्या नावाचे महाविद्यालय उभे राहिले. हिस्लॉप ज्या प्रेसबिटेरियन परंपरेतले होते, तिच्यात मंडळीचा कारभार पाळक एकटा पाहत नाही; मंडळीने निवडलेले ‘वडील’, म्हणजे वयाने नव्हे तर जबाबदारीने मोठे मानलेले सभासद, त्याच्या बरोबरीने निर्णय घेतात.

पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी याच शहरात अँग्लिकन, प्रेसबिटेरियन, बाप्टिस्ट आदी निरनिराळ्या परंपरांच्या सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा बिशपांचे पद राहिले आणि कारभारातला सामान्य सभासदांचा वाटाही राहिला. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यावा की कळत्या वयात विश्वासाची कबुली घेऊनच द्यावा, या जुन्या वादात दोन्ही पद्धती ग्राह्य धरण्यात आल्या. वाटाघाटींना चार दशके लागली, यात नवल नाही. पास्टरेट कमिटीत, म्हणजे मंडळीच्या निवडून आलेल्या कार्यकारी समितीत, उपासनेची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणायची म्हटले तरी दोन बैठका सहज जातात. तरीही मतभेद मिटवण्याच्या घाईपेक्षा ते सोबत घेऊन नांदण्याची सवय मंडळीला अधिक मानवते.

ही सवय व्यासपीठावरून लागत नाही, कुटुंबभेटीतून लागते. अनुभवी पाळक भेटीला एकटा जात नाही. एखाद्या वडिलाला किंवा महिला मंडळातील एखाद्या बाईंना बरोबर नेतो, प्रार्थना त्यांना करायला सांगतो आणि स्वतः खुर्ची थोडी मागे ओढून ऐकत बसतो. पहिल्या एकदोन भेटींत प्रार्थना अडखळते, घरच्यांनाही पाळकांनीच ती करावी असे वाटते. पण पुढे तीच बाई पाळक गावी गेलेला असताना इस्पितळात न सांगता पोहोचते. उपदेश कितीही रसाळ असला तरी हे काम त्याने होत नाही.

दानाच्या पैशाचेही तसेच आहे. उपासना संपताच दोघांनी मिळून थैली मोजणे, आकडा वहीत लिहून दोघांनी सह्या करणे आणि पुढच्या रविवारी तो आकडा सूचनांबरोबर वाचून दाखवणे, एवढी साधी शिस्त जिथे मोडते तिथे कुजबुज सुरू होते. आणि ती एकदा सुरू झाली की पाळकाच्या सचोटीची साक्ष देऊन थांबत नाही, कारण प्रश्न सचोटीचा नसून वहीचा असतो.

म्हणून बदलीचा हुकूम येण्याची वाट न पाहता पाळकाने एक यादी ठेवलेली बरी: कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणत्या दोन घरांचे बोलणे बंद आहे, तरुण संघातील कोण उपासना चालवू शकतो. यातील घरगुती भांडणांचा भाग कागदावर न उतरवता विश्वासू वडिलांच्या कानावर घालणेच शहाणपणाचे. बाकीची यादी मात्र नव्या पाळकाच्या टेबलावर ठेवण्याआधी वडिलांच्या हाती असावी, कारण नव्या पाळकाचे पहिले काही आठवडे स्वागत-सत्कारांतच जातात.