काळी बियर

संभाजीनगरच्या सिडकोत एका फ्लॅटात बारकं पिंप. शौक म्हणून घरीच बियर करणारा दोस्त म्हणाला, "चाख. स्टाउट हाय." ग्लासात काळंभोर. वर तपकिरी फेस. जिभेला टेकवली. करपलेल्या सातूची चव, मागून हॉप्सचा कडूपणा.

काळा रंग भाजलेल्या जवाचा. अठराव्या शतकात लंडनचे हमाल अशीच काळी बियर प्यायचे, म्हणून तिचं नाव पोर्टर. त्यातली कडक ती स्टाउट. म्हणजे ओझ्याखालच्या माणसाचा पेला. आता तो शौकिनाच्या हातात.

मित्रांनो, मला आजी आठवली. गूळ-नवसागर सडवून ती हातभट्टी लावायची. शौक नव्हता, पोट होतं. पोलीस यायचे, डबे लाथाडायचे, तिला झिंज्या धरून न्यायचे.

कायदा एकच, १९४९ चा. विनापरवाना गाळा नाहीतर आंबवा, गुन्हाच. पण सिडकोतल्या पिंपाला छंद म्हणतात, वस्तीतल्या डब्याला गुन्हा.

वाळूजला बियरचे मोठे कारखाने. २०१६ च्या दुष्काळात दारू कारखान्यांचं पाणी कापा, असं इथल्या खंडपीठाला सांगावं लागलं. तेव्हा वस्तीत टँकरपुढं घागरींची रांग होती.

मी दारूचं गुणगान गात नाही. बाबासाहेबांनी १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याचीही एक आहे. ती घेऊन आजीनं स्वतःच्या हातानं भट्टी मोडली. तिच्या नावावरचा शिक्का मात्र कुणी मोडला नाही.

दोस्तहो, नशाबंदीचा मोर्चा दरवेळी वस्तीतच नेता. सिडकोत, वाळूजला कधी न्याल?