मागची बैठक

वडील निवर्तल्यावर आईला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारास नेण्याचे काम माझ्याकडे आले. माझी मोटारसायकल मात्र शर्यतीच्या घाटणीची, एकाच आसनाची. (एके काळी तिच्या या एकलेपणाचाच मला अभिमान वाटे!) गॅरेजातून मागे एक गादी बसवून आणली नि काम झाले असे मानले. आई चढली आणि तिने विचारले, “पुता, पांय खंय दवरूं?”

मी निरुत्तर झालो. फूटरेस्ट नव्हते, धरावयास मूठ नव्हती, लुगडे चाकात जाऊ नये म्हणून जाळी नव्हती. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नेमक्या याच तीन गोष्टी सांगितल्या आहेत. त्या जोडून घेता येतील, असे मला वाटले. पण गादी उचलून पाहता खालची चौकट बारीक नळ्यांची, जेमतेम दिवा नि मडगार्ड पेलणारी निघाली. शिवाय नोंदणीपत्रात आसन एकच; १९८८ च्या कायद्याप्रमाणे ते आपल्या मर्जीने वाढविता येत नाही. गादी मी त्याच सायंकाळी काढली.

पुढच्या शुक्रवारी आई पायलटाच्या पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवर बसली. त्याने आधी वाकून फूटरेस्ट उघडून दिला. मी मागून, माझ्या एकट्याच्या गाडीवरून, पिशवी घेऊन येत होतो.