हाउसफुल्लच्या पाटीपुढे

लेकीकडे लंडनला महिनाभर राहून झालं होतं आणि परतीला दोनच दिवस उरले होते. म्युझियम पाहिली, थेम्समधून बोटीने फिरलो, व्हाइटचॅपलच्या बाजारातून नातेवाइकांसाठी वस्तू घेतल्या. एकच गोष्ट राहिली होती आणि ती मी कोणालाच सांगितली नव्हती.

कोकणातल्या मुलींच्या शाळेत मी ३१ वर्षे इंग्रजी शिकवलं. चार्ल्स आणि मेरी लॅम्ब या भावंडांनी मुलांसाठी लिहिलेल्या शेक्सपियरच्या गोष्टी दरवर्षी वर्गात सांगितल्या. पण रंगमंचावरचं नाटक एकही पाहिलं नव्हतं. आमच्या गावात नाटक यायचं ते रात्री साडेनऊला सुरू व्हायचं, आणि त्या वेळी बायकांनी घराबाहेर पडायची रीत नव्हती.

शुक्रवारी रात्री जेवताना मी सहज बोलून गेले. लेक म्हणाली, "अम्मी, आधी सांगायचंस ना!" तिने मोबाईलवर पाहिलं. ग्लोब थिएटरमधला शनिवार दुपारचा 'ट्वेल्थ नाइट' हाउसफुल्ल होता. मी सवयीने म्हटलं, "राहू दे." हे मात्र म्हणाले, "सकाळी जाऊन विचारू. फार तर नाही म्हणतील."

सकाळी आधी लेस्टर स्क्वेअर गाठलं. तिथल्या बागेच्या कडेला 'टीकेटीएस' नावाची तिकीटखिडकी आहे. लंडनच्या नाट्यगृहांची संघटना १९८० पासून ती चालवते. त्या दिवसाची आणि पुढच्या काही दिवसांची न विकली गेलेली तिकिटं तिथे सवलतीत मिळतात. आसपास 'स्वस्त तिकिटे' अशा पाट्या लावलेली इतरही दुकानं आहेत. खरी खिडकी बागेतली, एवढं लक्षात ठेवावं. फलकावर मोठमोठ्या संगीत नाटकांची नावं होती. सवलत धरूनही एका तिकिटाचे चाळीस-पन्नास पौंड. रुपयांत हिशेब केला आणि मी रांगेतून बाहेर पडू लागले. तेव्हा मागे उभ्या असलेल्या एका वयस्क इंग्रज बाईंनी विचारलं, "तुम्हाला नेमकं काय बघायचंय?" मी ग्लोबचं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, "मग इथे कशाला थांबलात? ग्लोबच्या खिडकीवर जा. लोक तिकिटं परत करतात, आणि ती शेवटच्या तासात येतात."

ट्रॅफल्गार स्क्वेअरवरून खाली उतरून पादचारी पुलाने आम्ही थेम्स ओलांडली आणि नदीकाठाने चालत ग्लोबला पोहोचलो. परत आलेल्या तिकिटांसाठी वेगळी रांग होती. आमच्यापुढे सहा जण होते. जोहरची नमाज दोघांनी आळीपाळीने नदीकाठच्या एका कोपऱ्यात अदा केली. एकाने रांगेतली जागा धरून ठेवली.

दोनला दहा मिनिटं कमी असताना आमचा नंबर आला. खिडकीवरच्या मुलीने सांगितलं, "एकच आहे, उभं राहण्याचं."

मी लगेच म्हटलं, "राहू दे, दोघांना नाही तर…" ह्यांनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. पैसे पुढे केले. "माझे गुडघे तीन तास उभे राहायचे नाहीत. तू जा. मी नदीकाठी बाकावर बसतो."

अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात मी कुठल्याही करमणुकीला एकटी गेले नव्हते. दारात पाय अडखळला, हे खरं. मागच्या गर्दीने आत लोटलं म्हणून गेले.

आत वर्तुळाकार लाकडी नाट्यगृह. कडेने तीन मजली सज्जे, त्यांवर गवताने शाकारलेलं छप्पर आणि मध्ये उघडं अंगण. मूळ ग्लोब १५९९ मध्ये बांधलं गेलं. १६१३ मध्ये प्रयोगात उडवलेल्या तोफेच्या ठिणगीने छप्पर पेटलं आणि सगळं जळून गेलं. पुन्हा उभारलं, ते १६४२ मध्ये बंद पाडलं गेलं. आजचं ग्लोब उभं राहिलं ते सॅम वानामेकर या अमेरिकन नटाच्या ध्यासामुळे. त्याने अनेक वर्षं त्यासाठी पैसा जमवला. पण १९९७ मध्ये ते सुरू झालं तेव्हा तो हयात नव्हता. शेक्सपियरच्या काळी अंगणात उभं राहायला एक पेनी लागायची. आजही अंगणात सातशे माणसं उभी राहतात आणि त्यांचं तिकीट सगळ्यांत स्वस्त असतं. मला दहा पौंड पडले, म्हणजे हजार रुपयांच्या थोडे वर.

नाटक सुरू झालं आणि थोड्या वेळाने पाऊस आला. अंगणात छत्री उघडायला बंदी. दुपट्टा डोक्यावर घट्ट ओढून मी उभी राहिले. शेजारच्या मुलीने न विचारता आपल्या प्लास्टिकच्या रेनकोटचं एक टोक माझ्या खांद्यावर टाकलं. समोर, हाताच्या अंतरावर, जहाज फुटून जुळ्या भावापासून ताटातूट झालेली व्हायोला उभी होती. वर्गात मी ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल! पण भावाचं नाव घेताना तिचा आवाज कसा कापतो, ते पुस्तकात नव्हतं. तीन तासांत पाय दुखले, हे मला बाहेर आल्यावर कळलं.

हे बाकावरच होते, छत्रीखाली. त्यांना काही विचारायची संधी न देता मी सांगत सुटले. स्टेशन येईपर्यंत ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "सगळं ठीक, पण तो भाऊ वाचला कसा?"

बहिणींनो, तुम्हीही परदेशी गेलात तर दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा. शक्यतो दुपारचा प्रयोग निवडा. लंडनच्या उन्हाळ्यात मगरिब रात्री नऊनंतर होते, आणि संध्याकाळचा प्रयोग नेमका त्या वेळेवर येतो. मोबाईलवर हाउसफुल्ल दिसलं तरी खिडकीवर जाऊन विचारा. एकच तिकीट असेल तर एकानेच जा. रस्त्यावर हळूच तिकीट पुढे करणाऱ्याकडून मात्र घेऊ नका.

त्या रात्री जेवताना हे जावयाला नाटकाची गोष्ट सांगत होते, जहाज फुटल्यापासून शेवटपर्यंत, हातवारे करून. एक-दोन ठिकाणी चुकले. मी दुरुस्त केलं नाही.